नातीने पेरलेले खोटे तारे

मी कोणावर चटकन विश्वास ठेवत नाही. हा माझा स्वभाव आहे आणि त्याचं मला वाईट वाटत नाही. लखनौला आयुष्य गेलं, तरी अजून चौकात चिकनकारीचा कुर्ता घेताना आधी उलटा करून टाका बघते, आणि दुकानदार फार गोड बोलायला लागला की पर्स काखेत घट्ट धरते. माझी शाळा चौथीपर्यंत झाली. त्यामुळे लोक मला समजावून सांगताना अर्धं गाळतात. जे गाळतात तेच मला हवं असतं.

आमचे हे रेल्वेत इंजिनिअर होते. मिरजेहून लग्न होऊन मी आले ती थेट मानक नगरच्या कॉलनीत. ते रिटायर झाल्यावर निशातगंजला हे घर घेतलं आणि ते गेल्यावर मी इथंच राहिले. मुलगी नागपूरला असते. तिनं आणि जावयांनी पुष्कळदा बोलावलं, मी गेले नाही. मग त्यांची मुलगी इथल्या युनिव्हर्सिटीत पीएचडी करायला आली आणि माझ्याकडे राहू लागली. तिला माझ्यावर लक्ष ठेवायला पाठवलंय असा मला तेव्हा संशय होता. तो अजून पुरता गेलेला नाही.

तिला मराठी सगळं समजतं, बोलते मात्र हिंदी. मी मराठीत विचारते, ती हिंदीत उत्तर देते. आमचं चालतं.

ती काय शिकते हे मला बरेच दिवस कळलं नाही. ताऱ्यांचं काहीतरी आहे एवढं मुलीनं सांगितलं होतं. पण ही पोरगी कधी वर बघायची नाही. दिवसभर लॅपटॉपसमोर. एकदा दिवेलागणीला मी तिला गच्चीवर नेलं आणि विचारलं, "हा पश्चिमेचा मोठा कोणता गं?" तिनं खिशातून मोबाईल काढला, आभाळाकडे धरला आणि मग म्हणाली, "शुक्र है, आजी।"

"एवढं मलाही माहीत होतं," मी म्हटलं. "तुला माहीत आहे का ते बघत होते."

"मेरा काम इतने पास का नहीं है।"

माझ्या मनात आलं, ही खरंच शिकते ना? शेजारची एक मुलगी कोचिंगला जाते म्हणून घरातून निघायची आणि कुठं जायची ते देवाला ठाऊक. आमच्या घरातली तर घरातून निघतच नव्हती. ते मला जास्त काळजीचं वाटलं.

हिवाळ्यात एका रविवारी मटार सोलायला मी तिला समोर बसवलं आणि म्हटलं, "आता सांग. अर्धं गाळायचं नाही."

तिनं सांगितलं. ते मला जसं समजलं तसं लिहिते. आपण आभाळात पांढरा पट्टा बघतो ती आपली आकाशगंगा. तशा अगणित आहेत, आणि प्रत्येकीत अगणित तारे. काही आकाशगंगा अजून भरलेल्या घरासारख्या असतात, त्यांच्यात वायू असतो आणि नवे तारे जन्मतात. त्या निळसर दिसतात. काहींचा वायू संपलेला असतो. तिथं नवीन कोणी जन्मत नाही, जुने तेवढे उरलेले. त्या तांबूस दिसतात. ही त्यांना सरळ 'डेड' म्हणायची.

मग कधीतरी एखादा तारा फुटतो. फुटला की काही आठवडे असा पेटतो की कधी कधी सगळ्या घराच्या उजेडाला भारी पडतो. त्याला सुपरनोव्हा म्हणतात. फुटणारे मुख्यतः दोन तऱ्हेचे. एक तऱ्हा वजनदार ताऱ्यांची. ते झपाट्यानं जळतात, लवकर संपतात आणि आपल्याच भारानं कोसळून फुटतात. त्यांचं आयुष्य इतकं थोडं की जिथं अजून जन्म चालू आहेत तिथंच ते सापडणार. दुसरी तऱ्हा आधीच विझून निखारा झालेल्या ताऱ्यांची. असा निखारा जोडीच्या ताऱ्याचा माल ओढत राहतो आणि कितीतरी काळानं फुटतो. तो जुन्या घरातही सापडतो.

"मग तुझं काम काय?"

"कौन सी गैलेक्सी में कौन सा वाला कितनी बार फटता है। बस।"

"मोठ्या घरात जास्त फुटत असणार. त्यात शिकायचं काय?"

"बड़ी में ज़्यादा, हाँ। पर वज़न के हिसाब से देखो ना आजी, तो छोटी वाली में ज़्यादा। और नई में, डेड से कहीं ज़्यादा।" तिनं सोललेले दाणे तोंडात टाकले. मी तिच्या हातावर चापट मारली.

"एका घरात किती दिवसांनी फुटतो?"

"हमारी जैसी में सौ साल में एक-दो।"

"मग तू काय शंभर वर्षं बसणार आहेस?"

"इसीलिए तो हज़ारों को एक साथ देखते हैं।"

हे मला पटलं. कॉलनीत वर्षाला एखादं बारसं व्हायचं, सगळ्या मानक नगरात रोजचं कुठं ना कुठं असायचं. पण माझं समाधान झालं नव्हतं. ढग आले तर? चंद्र असला तर? ती म्हणाली, त्या रात्री धरत नाहीत, किती वेळ नजर होती तेवढाच वेळ धरतात. फुटलेला फार मंद असला तर? घराच्या आतल्या धुळीनं झाकला गेला तर? ती म्हणाली, त्याचाही अंदाज घेतात.

"न दिसलेल्याचा?"

"हाँ।"

मी मटाराचं भांडं उचलून आत गेले. न दिसलेली गोष्ट धरणारी माणसं मी आयुष्यात पाहिली आहेत. त्यांतलं एकही भलं निघालं नव्हतं.

त्यानंतर काही आठवड्यांनी दुपारी मी कणीक मळत होते. ती बाहेरच्या खोलीत फोनवर कोणाशी तरी बोलत होती. मला स्पष्ट ऐकू आलं.

"नकली वाले डाल दिए? और डालो यार, डेड वालों में तो बहुत कम हैं। दोनों टाइप के डालना। नहीं, सर को मैं बता दूँगी।"

मी पिठाच्या हातानंच बाहेर गेले. "फोन ठेव."

"आजी, मीटिंग—"

"ठेव म्हटलं ना. काय नकली टाकतेस?"

तिनं फोन ठेवला आणि माझ्याकडे बघून हसायला लागली. हसली म्हणून मला जास्त राग आला. मी म्हटलं, "तुझ्या बापाला आत्ता सांगते. मोजायला तारे मिळेनात म्हणून खोटे करून टाकता? तुमच्या सरांना चालतं हे?"

"सर ने ही सिखाया है।"

मी खुर्चीत बसले. तिनं समजावलं. दुर्बिणीनं रोज फोटो निघतात आणि कॉम्प्युटर त्यांत नवा उजेड शोधतो. तो किती ठिकाणी चुकतो हे कसं कळणार? म्हणून आपणच त्या फोटोंत खोटे फुटलेले तारे पेरायचे, मंद, ठळक, कडेला, मध्यात, सगळ्या तऱ्हेच्या घरांत. मग कॉम्प्युटरला शोधायला लावायचं. पेरलेल्यांतले निम्मे सापडले तर समजायचं की खऱ्यांतलेही निम्मेच सापडत असणार. न दिसलेल्यांचा अंदाज निघतो तो असा.

हे ऐकल्यावर मी थंड झाले, कारण आमच्या ह्यांच्या ऑफिसात असंच होतं. रुळाला आतून तडा गेलाय का ते बघायचं यंत्र असायचं. ते यंत्र बरोबर चालतंय का हे तपासायला रुळाच्या एका तुकड्यात मुद्दाम भोकं पाडून ठेवलेली असत. यंत्रानं ती भोकं पकडली तरच ते बाहेर न्यायचं. मी एकदा ह्यांना विचारलं होतं, तो तुकडा चुकून लाईनीत बसवला तर? ते म्हणाले होते, त्याला रंग दिलेला असतो आणि तो शेडबाहेर जात नाही.

मी नातीला विचारलं, "तुझ्या खोट्यांना रंग कुठं दिलाय?"

"हर एक के आगे निशान लगा है कि ये नकली है। आजी, मैं बच्ची हूँ क्या?"

उत्तर चोख होतं. मी पोळ्या करायला गेले.

मग उन्हाळ्यात तिची ती गोष्ट घडली. सकाळी दूध तापवत होते तर ती धावत स्वयंपाकघरात आली आणि मला मागून मिठी मारली. मला असलं आवडत नाही. म्हटलं, "सोड, दूध उतू जाईल. काय झालं?"

विझलेल्या घरांत तिला वजनदार तारे फुटलेले सापडले होते. एखादा नव्हे, मूठभर. जिथं नवीन कोणी जन्मत नाही तिथं ऐन तरुणपणी मरणारे तारे कुठून येणार? म्हणजे एक तर त्या आकाशगंगा वाटतात तेवढ्या विझलेल्या नाहीत, नाही तर हे तारे कोणाला ठाऊक नसलेल्या तऱ्हेनंही फुटतात. दोन्हींतलं काहीही असलं तरी नवं होतं. तिच्या नावावर होतं.

"पक्कं आहे?"

"आजी, एक बार तो खुश हो जाओ।"

त्या वेळी तिचं काय अडलं होतं ते सांगायला हवं. तिची स्कॉलरशिप संपत आली होती. जावयांनी सांगितलं होतं की यंदा काही झालं नाही तर नागपूरला यायचं, तिथं एका कॉलेजात ओळखीनं शिकवायची जागा होती. तिला ते नको होतं. तिनं परदेशातल्या एका जागेसाठी अर्ज करायचं ठरवलं होतं. तशा अर्जांचा ढीग येतो म्हणे. आता तिच्याकडे ही मूठभर गोष्ट होती, ती तिनं अर्जात लिहिली आणि अर्ज पाठवला. पेपर मात्र अजून छापायला जायचा होता. तो गेला की जागा मिळाल्यातच जमा, असं ती म्हणत होती.

पेपर जाईना. तिचे सर म्हणत होते, थांब.

"का थांब?"

"कहते हैं और देखना है।"

"किती दिवस?"

"पता नहीं।"

मला तेव्हाच वास आला. पोरीनं शोधलं आणि साहेब म्हणतात थांब. तोवर साहेब आपल्या नावानं छापून मोकळे. कॉलनीत मी हे बघितलेलं आहे. एका ज्युनिअरनं केलेलं डिझाईन साहेबाच्या सहीनं दिल्लीला गेलं आणि ज्युनिअर नुसता टाळ्या वाजवायला स्टेजखाली. मी नातीला म्हटलं, "सरांना रविवारी जेवायला बोलाव."

"क्यों?"

"बघायचंय मला."

"आजी, कुछ उल्टा-सीधा मत बोलना।"

"पुरणपोळी करणार आहे. उलटंसुलटं काय त्यात?"

सर आले. इथलेच राहणारे, जुन्या लखनौतले, मऊ बोलणारे. चप्पल दारात नीट जोडून ठेवली. वाकून नमस्कार केला. मी मनात म्हटलं, फारच चांगला दिसतोय. दोन पोळ्या खाऊन झाल्यावर तिसरी वाढताना मी विचारलं. माझं हिंदी अजून मिरजेचंच आहे.

"सर, पेपर पे नाम पहले किसका आएगा?"

नातीनं डोक्याला हात लावला. सर म्हणाले, "इसका, अम्मा जी। काम इसका है।"

"तो फिर रोक के क्यों रखा है?"

"क्योंकि मुझे यक़ीन नहीं है।"

"इसपे?"

"उन सितारों पे।"

"अच्छा। और ये पिछले साल बोलती थी वो सब पे यक़ीन था?"

"वो सब वैसा था जैसा होना चाहिए था। जो चीज़ इतनी अच्छी निकल आए अम्मा जी, उससे डर लगता है।" त्यांनी पोळीवर तूप वाढून घेतलं. "एक और टेलिस्कोप है, किसी दूसरे मुल्क वालों का। वो भी उन्हीं दिनों आसमान का वही टुकड़ा देख रहा था। उनसे तस्वीरें माँगी हैं। कुछ फटा होगा तो उनको भी दिखा होगा।"

"और वो लोग आपकी चीज़ चुरा लें तो?"

सर हसले. "चुराने लायक़ निकले तो पहले।"

"सर, और चटनी?" नात मध्येच म्हणाली. मी गप्प बसावं असं तिला वाटत होतं.

ते गेल्यावर ती माझ्यावर चिडली. मी म्हटलं, "गोड बोलतोय. पण खोटं बोलताना दिसला नाही. पुरता भरवसा ठेवू नकोस." ती म्हणाली, तू कोणावर ठेवतेस? मी म्हटलं, मी विचारलं तेवढ्याचं उत्तर मिळालं, पुढचं पुढं बघू.

फोटो आले ते पावसाळ्यात, एका सकाळी. मी तिच्यासाठी पोहे घेऊन गेले तर ती स्क्रीनकडे बघत होती. स्क्रीनवर शेजारी शेजारी दोन चौकोन. डावीकडच्यात एक पुसट गोळा आणि त्याच्या कडेला ठिपका. उजवीकडच्यात तसाच गोळा, ठिपका नाही.

"हे काय?"

"उनका टेलिस्कोप खराब है," ती म्हणाली.

मी पोहे ठेवून गेले. दुपारी पोहे तसेच होते. तिनं दुसरा बघितला, तिसरा बघितला. हिच्या फोटोत ठिपका, त्यांच्या फोटोत नाही. त्याच रात्री, आभाळाचा तोच तुकडा. आणि त्यांची दुर्बीण हिच्यापेक्षा मोठी होती, खराब नव्हती, हेही तिला माहीत होतं.

मी म्हटलं, "सरांना फोन कर."

"नहीं।"

"का?"

"पहले मुझे पता करना है।"

संध्याकाळी चहाच्या वेळी ती स्वयंपाकघरात आली आणि ओट्याला टेकून खाली फरशीवर बसली. रडली नाही. म्हणाली, "आजी, वो नकली हैं।"

ते तिनं पेरलेलेच तारे होते. मागं फोनवर जे टाकायला सांगत होती तेच, विझलेल्या घरांत कमी आहेत म्हणून घातलेले. पेरणी निरनिराळ्या वेळी झाली होती आणि तिनं सगळ्या याद्या एकत्र जोडल्या होत्या. जोडताना त्या एका पेरणीची खूण गळाली. बाकी सगळी माहिती आली, खोटं असल्याची खूण तेवढी आली नाही. तिच्या कॉम्प्युटरनं ते प्रामाणिकपणे शोधून काढले आणि तिनं खऱ्यांत मोजले. खरे वजनदार तारे विझलेल्या घरांत फुटत नाहीत, पण खोट्यांना कुठंही पेरता येतं. म्हणून ते तिथं सापडले.

"तूने तो पूछा था," ती म्हणाली. "रंग वाला।"

"विचारलं होतं. तू सांगितलंस, मी ऐकलं आणि पोळ्या करायला गेले. मी सगळ्यांवरच संशय घेते, त्यातला एखादा लागतोच. त्यात माझं शहाणपण काही नाही." मी तिच्या हातात चहा दिला. "सगळेच खोटे?"

"एक असली है।"

त्या एकाचा ठिपका दोन्ही फोटोंत होता. पण मोठ्या दुर्बिणीच्या फोटोत त्या विझलेल्या मोठ्या आकाशगंगेच्या मागं, अगदी कडेला, एक लहानशी निळसर आकाशगंगा दिसत होती. हिच्या फोटोत ती दिसलीच नव्हती. तारा त्या लहानीचा होता आणि हिनं तो मोठीच्या नावावर लावला होता. लहान, नवी, जन्म चालू असलेली. तिथं असा तारा फुटायचाच. तेव्हा तोही गेला.

"सर को बोलना पड़ेगा," ती म्हणाली.

"आणि त्या परदेशातल्यांना?"

मुलाखत पुढच्याच आठवड्यात ठरलेली होती. अर्जातल्या त्या मूठभर ताऱ्यांवरच तिला बोलावलं असणार, हे दोघींनाही कळत होतं.

त्याच संध्याकाळी जावयांचा फोन आला. तिनं त्यांना सांगितलं. त्यांनी फोन स्पीकरवर घ्यायला सांगितला.

"आई, तुम्ही समजवा हिला. मुलाखत होऊ दे. निवड होऊ दे. पेपर अजून छापलेला नाही ना? मग घाई काय सांगायची? नंतर सांगता येतं की पुढं तपासताना असं आढळलं. खोटं काहीच नाही त्यात."

"आज आढळलंय," मी म्हटलं.

"ते कोणाला कळतंय?"

"सरांना उद्या कळणार."

"सर काय सांगतील? त्यांचीच विद्यार्थिनी आहे, त्यांचंही नाव आहे."

हे मात्र मला पटलं, आणि मला सरांचा परत संशय आला. ते जर म्हणाले, मुलाखत होऊ दे, तर? फोन ठेवल्यावर नातीनं मला विचारलं, "तू क्या कहती है?"

"मी काही म्हणत नाही. अर्ज तुझा. उद्या हे उघडं पडलं तर घरात तोंड पाडून बसशील, ते मला बघवणार नाही एवढंच."

"ये तो कहना ही हुआ।"

"मग झालं."

दुसऱ्या दिवशी मी तिच्याबरोबर युनिव्हर्सिटीत गेले. तिला नको होतं, पण मला सरांचं तोंड बघायचं होतं. सरांच्या खोलीत मी कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसले. तिनं उभ्यानंच सगळं सांगितलं. सांगून झाल्यावर सरांनी चष्मा काढला, डोळे चोळले आणि म्हणाले, "चिट्ठी आज ही जाएगी। तुम लिखोगी या मैं लिखूँ?"

"मैं।"

"ठीक है। अर्ज़ी के साथ मेरी सिफ़ारिश भी गई थी। उसकी मैं अलग से लिखूँगा।"

मी त्यांच्याकडे बघत होते. एखाद्याला मनातून सुटल्यासारखं वाटत असलं तर ते तोंडावर दिसतं. मला ते दिसलं नाही. त्यांनाही तो पेपर हवा होता, एवढंच दिसलं.

निघताना मी म्हटलं, "सर, आपको पहले से मालूम था?"

"नहीं अम्मा जी। मालूम होता तो अर्ज़ी जाने ही न देता।"

तिनं पत्र पाठवलं. त्यांनी मुलाखत रद्द केली नाही. मुलाखत आमच्याच बाहेरच्या खोलीत, लॅपटॉपवर झाली. मी दाराआड वेताच्या मोढ्यावर बसले होते. इंग्रजी मला कळत नाही, पण तोंडं दिसत होती. एक बाई आणि दोन पुरुष. तिनं बोलायला सुरुवात केली तशी बाईनं पुढं वाकून काहीतरी विचारलं, मग परत विचारलं. नात हातवारे करून सांगत राहिली. शेवटी तिघंही हसले. नातही हसली.

संपल्यावर मी विचारलं, "का हसले?"

"मैंने बताया कि निशान कैसे गिरा। वो मैडम बोलीं, उनके साथ भी एक बार हुआ है।"

"म्हणजे देणार?"

"पता नहीं।"

"हसले म्हणजे देणार नाहीत," मी म्हटलं.

नाही दिली. नकार आला त्यात कारण नव्हतं, नुसतं धन्यवाद. मी म्हटलं, खरं सांगितलंस म्हणून गेली. ती म्हणाली, नाही, दुसरे जास्त चांगले असतील. मला हे पटलं नाही आणि अजून पटत नाही, पण ती रोज तेच म्हणते आणि मी रोज वाद घालत नाही.

तिचं काम तिनं पुन्हा पहिल्यापासून चालू केलं. सरांनी कुठून तरी एका वर्षाची मुदत मिळवली. सगळं नीट मोजल्यावर काय निघालं म्हणाल, तर विझलेल्या घरांत वजनदार तारे फुटत नाहीत, निखारे तेवढे फुटतात, आणि तेही नव्या घरांपेक्षा कमी. जे आधीपासून सगळ्यांना माहीत होतं तेच. मी तिला तसं म्हटलं तेव्हा तिला राग आला. म्हणाली, माहीत असणं वेगळं आणि आपल्या हातानं मोजून तेच येणं वेगळं. असेल. मला त्यातलं कळत नाही.

दसरा झाल्यावर जावयांचा फोन आला. ती नेमकी आंघोळीला गेली होती.

"आई, कॉलेजवाले थांबलेत. दिवाळीपर्यंत ती आली नाही तर दुसरं कोणी घेतील. तिकीट काढतोय मी."

"काढू नका."

"म्हणजे?"

"तिचं काम राहिलंय. वर्षभराची मुदत आहे."

"एकदा फसलं ना ते काम. आता होईल ते तरी खरं निघेल याची काय खात्री?"

"खात्री नाही."

"मग?"

"मग काय. तिला विचारा, तीही नाही म्हणेल. कोणी खात्रीनं सांगत असता तर मीच पाठवली असती तुमच्याकडे."

ते म्हणाले, "एक वर्ष. त्यापुढं मी ऐकणार नाही, आई."

"त्यापुढचं त्यापुढं."

ती केस पुसत बाहेर आली. "पप्पा का फ़ोन था? क्या बोले?"

"एक वर्ष राहू दे म्हणाले."

तिनं टॉवेल खुर्चीवर टाकला आणि माझ्याकडे बघत राहिली.

"सच में? या तूने अपने मन से बोल दिया?"

"विश्वास नसेल तर लाव फोन आणि विचार."

मला वाटलं हसून सोडून देईल. तिनं फोन लावला.